प्रवेशानंतरचा वर्ग : सिद्धार्थ आणि मिलिंदचा मागोवा

महाविद्यालयातील समावेशकतेची चर्चा आपल्याकडे प्रवेशाच्या यादीपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा भरल्या, किती रिकाम्या राहिल्या, शिष्यवृत्ती वेळेवर आली की नाही, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण प्रवेश मिळालेला विद्यार्थी वर्गात येऊन बसल्यावर त्या वर्गाने स्वतःत काय बदल केला, हे क्वचितच विचारले जाते. महाराष्ट्रात हा प्रश्न फार आधी आणि फार गांभीर्याने हाताळला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभ्या केलेल्या दोन महाविद्यालयांनी. त्यांची पहिली तीस वर्षे पाहिली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते : तिथे विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या मापात बसवण्याआधी महाविद्यालयाने आपले माप बदलले होते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना जुलै १९४५ची. पुढच्याच वर्षी, जून १९४६मध्ये, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे तास सकाळी भरत. वरवर पाहता ही वेळापत्रकातली किरकोळ सोय वाटेल, पण दिवसभर कचेरीत कारकुनी करणाऱ्या आणि घरी पैसे पाठवणाऱ्या तरुणासाठी पदवी मिळणे किंवा न मिळणे त्यावरच ठरत होते. आधी तास, मग कामावर हजेरी. तिथली विद्यार्थ्यांची संसदही अशीच विचारपूर्वक घडवलेली होती. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सभेत उभे राहून बोलायची मुभाच नव्हती, त्यांना विधेयक मांडायला, त्यावर हरकत घ्यायला, मतदान मागायला तिथे शिकवले जाई. संसद हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता.

औरंगाबादची परिस्थिती आणखी अवघड होती. जून १९५०मध्ये तिथे महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे ते मिलिंद म्हणून ओळखले जाऊ लागले. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलूख एकत्र असलेल्या त्या राज्यात निजामाच्या काळी उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे मिलिंदमध्ये आलेल्या पहिल्या पिढ्यांपुढे जातीची भिंत होती, शिवाय भाषेच्या उड्याही होत्या : घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी, पुस्तकांची इंग्रजी तिसरी. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस दलित समाजातले नव्हते. त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि ते महाविद्यालयाच्या मुलांनी रंगमंचावर आणले. शोषितांचा इतिहास त्या मुलांनी धडा म्हणून पाठ करण्याऐवजी भूमिका म्हणून उभा केला. पुढे प्राचार्य झालेले म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या लेखनाशी त्यांनी इथल्या दलित लेखनाचे नाते जोडले. १९६७मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले, तेच लवकरच गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ झाले. आज कोणत्याही विद्यापीठात शिकवला जाणारा दलित साहित्याचा प्रवाह ज्या जागांमधून पुढे आला, त्यांत मिलिंदचा परिसर असलेले नागसेनवन फार वरचे आहे. विद्यार्थ्याचा अनुभव हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे वर्गाने मान्य केले म्हणून ते घडले.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा घेतला जातो. विद्यार्थ्यासाठी वर्ग बदलला की पातळी खाली येते, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण या दोन्ही संस्थांमध्ये उत्तम ग्रंथालय आणि जातीपातीचा विचार न करता निवडलेले जाणते प्राध्यापक, यांवर बाबासाहेबांचा कटाक्ष होता. सवलत वेळापत्रकात दिली गेली, विषयाच्या खोलीत नाही. दुसरा आक्षेप असा की ही महाविद्यालये एका समाजापुरती होती. दाखले पाहिले तर त्यांची दारे सर्वांना खुली होती आणि शिकवणारेही सर्व समाजांतले होते. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : असा संस्थापक पुन्हा मिळत नाही. हे मान्यच करावे लागेल. मात्र सकाळचे वर्ग भरवायला किंवा विद्यार्थ्यांची संसद चालवायला युगपुरुष लागत नाही. प्राध्यापकांची एक बैठक पुरते.

महाविद्यालय बाहेरच्या समाजापासून अलिप्त राहू शकत नाही, हेही औरंगाबादनेच दाखवले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. दरम्यानच्या साडेपंधरा वर्षांत ज्या मुलांची घरे धोक्यात होती त्यांनी एकाग्रतेने शिकावे, अशी अपेक्षा करणेच निष्ठुर होते.

नंतरच्या काळात आपण वर्ग बदलण्याचे काम सोडले आणि विद्यार्थ्याला जादा वर्ग लावले. उपचारात्मक शिकवणी उपयोगी आहे, तिच्यावर अनेकांच्या पदव्या निभावल्या आहेत. पण तिचा गाभा असा असतो की कमतरता मुलात आहे, मूळ तास ठीकच आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या काही वर्षांपूर्वीच्या नियमावलीत विद्यार्थ्यांच्या विविधतेच्या शीर्षकाखाली काय विचारले जाई? संथ शिकणाऱ्यांसाठी आणि पुढारलेल्यांसाठी कोणते वेगळे कार्यक्रम घेतले. म्हणजे घरी गोरमाटी किंवा पावरी बोलणारी मुलगी मराठी व्याख्यान टिपताना अडखळली की ती ‘संथ’ या रकान्यात जाणार. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीचा २००७चा अहवाल तर सांगतो की प्रवेशानंतरही वागणुकीतला आणि शिकवण्यातला दुजाभाव सुरूच राहतो.

म्हणून मिलिंदकडे पुन्हा पाहायचे ते पुतळ्याला हार घालण्यासाठी नव्हे. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने आपल्या बोलीत दिलेले बरोबर उत्तर पूर्ण गुणांचे धरायचे की नाही, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी भर वर्गात नावे पुकारायची की ती सूचना प्रत्येकाला खासगीत द्यायची, मराठीच्या पेपरात आदिवासी लेखन ऐच्छिक ठेवायचे की अनिवार्य करायचे, हे निर्णय महाविद्यालय आणि विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाच्या हातात आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंना शासनाची मंजुरी लागत नाही, ते येत्या सत्रापासून करता येतील.