पडदा लाल होतो तेव्हा

गेममध्ये मार बसला की सगळा पडदा लालबुंद होतो. हे आता इतकं अंगवळणी पडलंय, की त्यात काही करामत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मला मात्र या लालीचं वेड आहे. नवा गेम हाती आला की लोक आधी शस्त्रं बघतात; मी मुद्दाम मार खातो आणि रंग कसा चढतो, कसा उतरतो ते बघत बसतो. घरच्यांनी यावर बोलणं केव्हाच सोडून दिलंय.

या वेडाचं मूळ टेक्सासात आहे. तिथल्या ‘इड सॉफ्टवेअर’ने १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ बाजारात आणला. आपल्याकडे तो फ्लॉपीवरून कॉम्प्युटर क्लासमध्ये शिरला आणि सरांची पाठ वळली की चालू व्हायचा. तेव्हाच्या व्हीजीए पडद्यावर ३२० गुणिले २००, म्हणजे ६४,००० ठिपके. दर ठिपक्याला एक बाइट, आणि त्या बाइटमध्ये रंग नव्हे, तर रंगाचा नुसता क्रमांक. शून्य ते २५५ यांपैकी कोणता क्रमांक कसा दिसायचा, हे एका वेगळ्या तक्त्यात लिहिलेलं असे. लाल, हिरवा, निळा यांची २५६ त्रिकुटं, म्हणजे सगळे मिळून ७६८ आकडे. त्याला पॅलेट म्हणतात.

आता गंमत बघा. पडदा लाल करायचा तर ६४,००० ठिपक्यांना हातही लावायचा नाही. ७६८ आकडे बदलायचे, बस्स. नाटकात दिव्यापुढे लाल जिलेटिन सरकवलं की नट, पलंग, खिडकी सगळंच एका क्षणात लाल होतं, तसंच हे. त्या काळच्या दमेकरी प्रोसेसरला हा परिणाम जवळपास फुकटात पडायचा.

‘डूम’च्या फाइलमध्ये असे १४ तक्ते तयार करून ठेवलेत. एक साधा, आठ चढत्या लालीचे, चार सोनेरी, एक हिरवा. मार बसला की जितकं रक्त गेलं तितकी भर एका मोजणीत पडते. ती शंभराच्या वर जात नाही आणि दर टिकला, म्हणजे गेमच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, एकाने उतरते. सेकंदाला ३५ टिक, म्हणजे जबर तडाख्याची लालीसुद्धा तीनेक सेकंदांत ओसरते. मोजणीला आठाने भागून तक्ता निवडतात, पण भागाकार वरच्या अंकाकडे ओढलेला असल्यामुळे आठांपैकी सर्वात फिका लाल तक्ता कधी वापरलाच जात नाही! सोनेरीतल्या पहिल्याचंही तेच. फाइलमध्ये ते दोघे आजतागायत रिकामे बसून आहेत. २३ डिसेंबर १९९७ रोजी ‘डूम’चा कोड खुला झाला म्हणून आपल्याला हे कळतं. भागाकाराच्या त्या दोन ओळी वाचताना मला जो आनंद झाला, तो कुणाला समजावून सांगता येत नाही.

एका वेळी एकच तक्ता लागतो. लालचा मान पहिला, मग सोनेरी, मग हिरवा. किरणोत्सर्गापासून वाचवणारा पोशाख घातला की मिनिटभर सगळं हिरवं दिसतं आणि मुदत संपत आली की हिरवा लुकलुकायला लागतो. पण मध्येच गोळी लागली, तर हिरवा तात्पुरता गायब. मुठीची ताकद वाढवणारा ‘बर्सर्क’चा डबा उचलला की येणारी लाली वीस-बावीस सेकंदांत हळूहळू विरते. पुष्कळांना वाटतं, रंग गेला म्हणजे ताकदही गेली. तसं नाही. मुठीतली ताकद ती पातळी संपेपर्यंत टिकते.

१९९६च्या ‘क्वेक’ने एकाच तक्त्याची ही अडचण दूर केली. पाणी, मार, वस्तू उचलणं आणि शक्ती असे चार रंग तो एकावर एक मिसळतो. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. तडाखा मुख्यतः चिलखताने झेलला, तर लाल फिकट आणि धुरकट. थोडाच झेलला तर जरा गडद. चिलखत नसलंच, तर थेट शुद्ध लाल. आकडा न बघताही खेळणाऱ्याला कळतं, आपलं अंग किती उघडं पडलंय. रंगाने बातमी द्यावी ती अशी. अख्खा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत पिवळसर नाहीतर निळसर करून ठेवण्याची जी फॅशन पुढे आली, ती मला कंटाळवाणी वाटते. जो रंग उतरतच नाही तो दहा मिनिटांनी दिसेनासा होतो.

ग्राफिक्स कार्ड आल्यावर पॅलेट मागे पडलं. ‘क्वेक’च्याच ओपनजीएल आवृत्तीत पडद्याएवढा अर्धपारदर्शक चौकोन सगळ्यावर रंगवला जायचा. आज तेच काम शेडर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. तयार चित्रातला प्रत्येक ठिपका उचलून त्याचा रंग बदलतो, किंवा रंगांच्या त्रिमितीय तक्त्यात बघून नवा रंग घेतो. याबद्दल पुस्तकं भरपूर आहेत.

पुण्यात ओळखीच्या काही मुलांचा छोटा स्टुडिओ आहे. मागे तिथे गेलो तेव्हा मार बसला की त्यांच्या गेममधला निळा दरवाजा लाल न होता काळाठिक्कर पडत होता. “काका, हा असा का होतो?” लाल रंगाने नुसता गुणाकार केला होता. निळ्यात लाल शून्य, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. गुणाकाराऐवजी मूळ रंग निम्मा आणि लाल निम्मा असं मिश्रण केलं, तेव्हा दरवाजा जांभळट झाला आणि मार बसल्यासारखा दिसायला लागला. चहा येईपर्यंत काम झालं.

पुन्हा ‘डूम’कडे वळतो. त्यात एक परिणाम पॅलेटला न शिवता केलाय. अजिंक्य करणारा गोळा घेतला की तीस सेकंद जग उलट्या छटांचं, काळंपांढरं होतं. यात पॅलेट तेच राहतं, प्रत्येक क्रमांक दुसऱ्या क्रमांकावर वळवला जातो, आणि तोही फक्त वरच्या दृश्यात. खालच्या पट्टीतला चेहरा रंगीतच राहतो आणि त्याचे डोळे सोनेरी चमकतात. उलट मार बसल्यावर तोच चेहरा, गोळ्यांचे आकडे, सगळंच लाल होतं, कारण तिथे पॅलेटच बदललेलं असतं. या काळ्यापांढऱ्या जगात आकाश मात्र जसंच्या तसं रंगीत उरतं. ते नेहमी पूर्ण उजेडाच्या तक्त्यानेच रंगवलं जातं, आणि त्यामुळे हे उलटणं आकाशाला लागू होत नाही, अशी कबुली कोडमधल्या टिपणीत सरळ लिहिलेली आहे. पुढे हौशी मंडळींनी काढलेल्या काही आवृत्त्यांत हा दोष ठेवायचा की घालवायचा, हे मेनूतून ठरवता येतं. मी तो ठेवतो.