घाटावरचा कोबी, घाटाखालचे ताट

कोबीचा भाव पडला की आमच्या कानी हमखास एकच वाक्य येते, "फादर, यंदा गोव्याने माल उचलला नाही!" भाव चढला की मात्र गोव्याचे नाव कोणी काढत नाही. बेळगाव-खानापूरकडील आपल्या शेतकऱ्याचे गोव्याशी असलेले नाते म्हणूनच जरा नीट पाहू या.

गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. जमीन भाताची, नारळाची, काजूची. भर पावसात तेथे कोबी किंवा टोमॅटो तग धरीत नाही. घाट चढून बेळगावकडे यावे तसा पाऊस उतरतो आणि हवा थंड होते. म्हणून भाजीचे ट्रक चोर्ला व अनमोड घाटांतून खाली जातात. गोवा सरकारचे फलोत्पादन महामंडळ स्वस्त दराने भाजी विकते, तीही बरीचशी इकडचीच. उलट मासळी आणि नारळ वर येतात. म्हादईच्या पाण्यावरून दोन्ही राज्यांचे भांडण 2018 च्या लवादाच्या निवाड्यानेही मिटले नाही, पण भाजीचा ट्रक चालूच राहिला.

ही वाट पूर्वीही तुटली होती. 1955 साली भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा तेथे बटाटे बोटीने हॉलंडहून आले! खाणींचा पैसा होता म्हणून ते जमले. घाटावरच्या शेतकऱ्याला मात्र बोट नव्हती.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि सीमा बंद झाल्या. गोव्यात काही दिवस किराणा दुकानेसुद्धा उघडली नाहीत, लोक भाजीसाठी वणवण फिरले. त्याच दिवसांत इकडे कोबीचे गड्डे शेतात तडकत होते. कित्येकांनी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. एका गृहस्थांनी ट्रॉलीभर कोबी चर्चच्या आवारात आणून ओतला. "वाटून टाका, फादर," एवढेच म्हणाले आणि मागे न पाहता निघून गेले. सोसायटीचे कर्ज त्यांच्या डोक्यावर होते, हे आम्हांला ठाऊक होते. आठवडाभर आम्ही सर्वांनी कोबीच खाल्ला, पण तो गोड लागला नाही.

तेव्हा दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सगळी लावणी एकाच आठवड्यात उरकू नका, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तुकडे पाडा. नाताळात गोव्याची मागणी वाढते. तो बाजार साधायचा तर रोपे सप्टेंबरअखेर शेतात हवीत, कारण लावणीनंतर गड्डा भरायला जातीप्रमाणे दोन ते तीन महिने लागतात.

दुसरी गोष्ट आरोग्याची. ट्रक भरण्याच्या घाईत संध्याकाळी फवारणी आणि सकाळी तोडणी, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. औषधाच्या डब्यावर फवारणी व तोडणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत ते छापलेले असते. तेवढे दिवस थांबलेच पाहिजे. मोनोक्रोटोफॉस तर 2005 सालापासून भाजीपाल्यावर वापरण्यास बंदी आहे. घरच्यासाठी वेगळा, बिनऔषधाचा वाफा राखणारे काही जण आपल्यात आहेत. पण म्हापशाच्या बाजारात पिशवी भरणाऱ्या बाईच्या घरीही लेकरे आहेतच की!

त्या ट्रॉलीवाल्या गृहस्थांनी यंदा कोबी निम्म्यावर आणला. उरलेल्या रानात रताळी लावली आहेत. ती चार दिवस जास्त टिकतात आणि त्यांचे गिऱ्हाईक थेट दिल्लीपर्यंत आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "वेल चांगला पसरलाय, आता रानडुकरांचे तेवढे बघायचे."