अंडी देणाऱ्या कोंबडीचा आहार
कोंबडीपुढे मूठभर ज्वारी टाकली की भागले, असा खेड्यात समज आहे. ज्वारीत प्रथिने शेकडा सुमारे १०. अंडी देणाऱ्या कोंबडीस १६ ते १८ हवीत. ही उणीव भुईमुगाची पेंड भरून काढते. मात्र बुरशीची पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. १९६० साली इंग्लंडात तिनेच लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले.

एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. आहारात ते नसल्यास कोंबडी स्वतःच्या हाडांतून पुरविते आणि अखेर लुळी पडते. यास्तव शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सदैव ठेवावा. गरजेपुरता ती आपणच टिपते. शिक्षकांनी वर्गात कवच व शिंपला यांवर लिंबाचा रस पिळून दाखवावा. दोहोंवर सारखेच बुडबुडे येतात.