जनावरांच्या यकृतातला कृमी माणसात कसा येतो? दोष कलेजीचा नाही, पाणवठ्याच्या काठाचा

पावसाळा संपला की माळरानावरचं गवत वाळू लागतं. तळ्याच्या आणि कालव्याच्या काठचा पट्टा मात्र हिरवा राहतो, त्यामुळे जनावरं तिकडेच वळतात. काही आठवड्यांनी एखादी म्हैस खंगते, दूध कमी होतं, जबड्याखाली पाणी उतरल्यासारखी सूज येते. खुराक वाढवूनही फरक पडत नाही.

अशा वेळी यकृतात शिरलेल्या चपट्या कृमीचा संशय घ्यावा लागतो. त्याला 'लिव्हर फ्लूक' किंवा यकृत पर्णकृमी म्हणतात. तो माणसालाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ७० पेक्षा जास्त देशांत किमान २४ लाख लोकांना त्याची लागण झालेली आहे.

हा कृमी नेमका कसा असतो?

झाडाच्या पानासारखा चपटा, म्हणून पर्णकृमी. त्याच्या दोन मुख्य प्रजाती आहेत. 'फॅसिओला हेपॅटिका' थंड हवामानात आढळते, तर 'फॅसिओला जायगँटिका' उष्ण प्रदेशांत. भारताच्या मैदानी भागात प्रामुख्याने जायगँटिका आढळते आणि ती सात सेंटीमीटरपर्यंत वाढू शकते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पित्तनलिकांत राहून हे कृमी रोज हजारो अंडी घालतात. ही अंडी शेणावाटे किंवा लेंड्यांवाटे बाहेर पडतात.

गोगलगाय नसेल तर साखळी तुटते

अंडी पाण्यात पोहोचली की त्यातून सूक्ष्म अळी निघते. साधारण २४ तासांत तिला विशिष्ट जातीची पाणगोगलगाय सापडली नाही, तर ती मरते. सापडली, तर गोगलगाईच्या शरीरात एका अळीच्या शेकडो अळ्या होतात. त्या पुन्हा पाण्यात उतरतात, काठच्या गवताला किंवा पाणवनस्पतींना चिकटतात आणि स्वतःभोवती टणक कवच तयार करतात. ते गवत जनावराने खाल्लं की लागण होते.

हे कोडं १८८०च्या दशकात सुटलं. १८७९-८० मध्ये इंग्लंडमध्ये या रोगाने लाखो मेंढ्या दगावल्या होत्या. त्यानंतर इंग्लंडमध्ये अल्जर्नन थॉमस आणि जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी स्वतंत्रपणे गोगलगाईची भूमिका शोधून काढली.

भातखाचरं, गावतळी, पाझरणारे कालवे अशा जागी या गोगलगाई चांगल्या वाढतात. म्हणूनच पावसाळ्यानंतरचे महिने जास्त धोक्याचे असतात.

शरीरात गेल्यावर काय होतं?

अळी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येते आणि तिथून यकृतात शिरते. पुढचे अनेक आठवडे ती यकृत पोखरत पित्तनलिकेकडे सरकते. या काळात शेणाची तपासणी केली तरी अंडी सापडत नाहीत, कारण कृमी अजून प्रौढ झालेला नसतो. नंतर रक्तक्षय, अशक्तपणा आणि जबड्याखालची सूज दिसते. मेंढ्यांमध्ये लागण मोठी असेल तर लक्षणं दिसण्याआधीच मृत्यू होऊ शकतो.

कलेजी खाल्ल्याने होतो का?

शिजवलेली कलेजी खाल्ल्याने हा रोग होत नाही. जनावराच्या दुधातून किंवा त्याला हात लावल्यानेही तो माणसात येत नाही. माणसाला लागण होते ती जनावरासारखीच, म्हणजे कवचातली अळी पोटात गेल्यावर. पाण्यात वाढणाऱ्या भाज्या कच्च्या खाणं आणि तळ्याचं किंवा ओढ्याचं पाणी तसंच पिणं, हे त्याचे मुख्य मार्ग आहेत. अळी पानाला घट्ट चिकटलेली असते. त्यामुळे नुसतं धुण्यावर विसंबता येत नाही. भाजी नीट शिजवली की धोका संपतो.

बोलिव्हियाच्या पठारावर आणि इजिप्तच्या नाईल खोऱ्यात माणसांमध्ये ही लागण मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. भारतात माणसांमधल्या नोंदी तुरळक आहेत. पण ताप, पोटाच्या उजव्या बाजूला वरती दुखणं, मळमळ ही लक्षणं इतर आजारांतही दिसतात. सुरुवातीचे तीन-चार महिने शौचाच्या तपासणीतही अंडी सापडत नाहीत. त्यामुळे निदान हुकू शकतं. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असतील आणि पाणवनस्पती कच्च्या खाल्ल्या असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

औषध एकच, म्हणून काळजी जास्त

माणसांसाठी ट्रायक्लाबेंडाझोल हे मुख्य औषध आहे. इतर बऱ्याच पर्णकृमींवर चालणारं प्राझिक्वांटेल या कृमीवर परिणामकारक ठरत नाही. जनावरांमध्ये ऑक्सिक्लोझानाइडसारखी औषधंही वापरतात, पण ती मुख्यतः प्रौढ कृमी मारतात. यकृत पोखरणाऱ्या कोवळ्या कृमींवर ट्रायक्लाबेंडाझोलच सर्वाधिक प्रभावी आहे.

अडचण अशी की, १९९५ मध्येच ऑस्ट्रेलियात मेंढ्यांमधले कृमी या औषधाला दाद देत नसल्याची नोंद झाली. पुढे इतर देशांतही तसं आढळलं. गोठ्यात अंदाजाने, कमी मात्रेत किंवा गरज नसताना दिलेलं औषध माणसाचा उपायही बोथट करू शकतं.

पशुपालकांनी काय करावं?

- पावसाळ्यानंतर तळ्याच्या, कालव्याच्या काठावर जनावरं चारणं टाळावं.
- पाणी हौदात किंवा टाकीत पाजावं. हौद गळत असेल तर दुरुस्त करावा, कारण चिखलात गोगलगाई वाढतात.
- ओल्या जागेतला चारा कडक वाळवूनच द्यावा.
- शेण पाण्याजवळ टाकू नये. खड्ड्यात नीट कुजवल्यास उष्णतेने अंडी मरतात.
- साधं जंतनाशक पुरेल असं गृहीत धरू नये. उदाहरणार्थ, आयव्हरमेक्टिन या कृमीवर चालत नाही.
- औषध, मात्रा आणि वेळ पशुवैद्यकांनाच ठरवू द्यावी. औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, हेही त्यांना विचारावं.

औषधाने जनावर बरं झालं, तरी ते पुन्हा त्याच काठावर चरायला गेलं की पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून उपचाराबरोबर चरण्याची जागाही बदलावी लागते.