बंद डोळ्यांआडची भूमिती

अंधारात डोळे मिटून पापण्यांवर बोटांनी हलकेच दाब दिला, की काही क्षणांत ठिपके दिसू लागतात. मग चौकड्या, जाळ्या, कधी आत ओढून नेणारा बोगदा. लहानपणी हा खेळ बहुतेकांनी केलेला असतो आणि त्यासाठी ओरडाही खाल्लेला असतो. (डोळ्यांना ते बरं नाही, तेव्हा ओरडणारे बरोबरच होते.) पण प्रकाशाचा किरणही आत येत नसताना इतकी नेटकी नक्षी काढतं कोण? याचं उत्तर गणितातून आलं, आणि ते फार सुंदर आहे.

१९२०च्या दशकात हाइनरिश क्ल्यूव्हर या मानसशास्त्रज्ञाने पेयोटी निवडुंगातल्या मेस्कलिनमुळे माणसांना काय भास होतात याचा अभ्यास केला. भास म्हणजे ज्याचे त्याचे, असं आपण धरून चालतो. क्ल्यूव्हरला मात्र वर्णनांमध्ये तेच ते आकार सापडत गेले: जाळ्या आणि मधाच्या पोळ्यासारखे षटकोन, कोळिष्टकं, बोगदे आणि नरसाळी, मळसूत्री वळणं. चारच कुळं. तापात, अर्धवट झोपेत, लुकलुकत्या प्रकाशापुढेही हेच आकार दिसतात. माणूस बदलतो, कारण बदलतं, नक्षी बदलत नाही. मग तिचा उगम सगळ्यांमध्ये सारख्याच असलेल्या कशात तरी हवा.

क्ल्यूव्हर ज्या शिकागो विद्यापीठात पुढे शिकवत होते, तिथेच जॅक कोवन हे गणिती मेंदूची समीकरणं मांडत होते. एका चेतापेशीतून विजेचा स्पंद कसा धावतो, याचं गणित हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली मांडलं होतं. पण माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत. कोवन आणि ह्यू विल्सन यांनी १९७२ साली एकेका पेशीचा नाद सोडला आणि पेशींच्या जमावाकडे पाहिलं. कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, एखाद्या ठिकाणी शेजाऱ्यांना चेतवणाऱ्या पेशींपैकी किती जाग्या आहेत आणि शेजाऱ्यांना दाबणाऱ्यांपैकी किती, एवढंच विचारायचं. दोन राशी, दोन समीकरणं. इतकं गाळून टाकल्यावर हाती काही उरेल असं वाटत नाही, पण उरलं ते थक्क करणारं होतं.

त्यासाठी आधी एक नकाशा समजून घ्यायला हवा. डोळ्यातलं चित्र डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या पहिल्या केंद्रात पोहोचतं, पण जसंच्या तसं नाही. नजरेच्या मध्यबिंदूला तिथे ऐसपैस जागा मिळते, कडेला फारच थोडी. या नकाशाचा नियम आपल्या ओळखीचा आहे: लॉग. शाळा-कॉलेजात लॉग टेबलं वापरून गुणाकाराची बेरीज करत असू, तोच. नजरेच्या मध्यापासून २, ४, ८, १६ अंशांवर काढलेली वर्तुळं कॉर्टेक्सवर जवळजवळ समान अंतरावरच्या सरळ रेषा होतात. मध्यातून निघणारे आरे त्यांना छेदणाऱ्या सरळ रेषा होतात. आणि मळसूत्री वळण? तीही सरळच रेषा, फक्त तिरकी.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९८२ साली रॉजर टूटेल आणि सहकाऱ्यांनी माकडांना वर्तुळं आणि आरे असलेली आकृती दाखवली. त्याआधी किरणोत्सारी खूण असलेली साखर टोचली होती. ज्या पेशी जास्त काम करतात त्या ती जास्त ओढून घेतात. नंतर कॉर्टेक्सचा सपाट केलेला काप फिल्मवर ठेवला, तर फिल्मवर गोल नव्हतेच. एकमेकींना छेदणाऱ्या जवळजवळ सरळ रेषा उमटल्या होत्या.

आता १९७९ सालच्या कामाकडे येऊ, कोवन आणि बार्ड अर्मेंट्राउट यांच्या. चेतापेशी जवळच्यांना चेतवतात, थोड्या लांबच्यांना दाबतात. एरवी दाब पुरेसा असतो, म्हणून कुठे उगाच झालेली चुळबुळ तिथेच विझते. पण मेंदूची उत्तेजना एका मर्यादेपलीकडे गेली, की ही शांतता टिकूच शकत नाही. एक पट्टा जागा होतो, त्याच्या दोन्ही बाजू दबतात, त्यापलीकडे दाब पोहोचत नाही म्हणून पुन्हा जाग येते. असे पट्टेच पट्टे, किंवा षटकोनी मांडणीतले ठिपके. ॲलन ट्युरिंगने १९५२ साली रसायनांमधून प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके-पट्टे कसे घडू शकतील हे दाखवलं होतं. इथे तीच युक्ती चेतापेशींना लागू पडली.

हे पट्टे नकाशावरून उलटे वाचा. एका दिशेचे पट्टे म्हणजे वर्तुळात वर्तुळ, अर्थात बोगदा. काटकोनातले पट्टे म्हणजे आरे, नरसाळं. तिरके पट्टे म्हणजे मळसूत्र. षटकोनी ठिपके म्हणजे कडेकडे मोठं होत जाणारं पोळं. क्ल्यूव्हरची बहुतेक कुळं दोन समीकरणांतून आणि एका लॉगमधून बाहेर पडली! भास झालेला माणूस स्वतःच्या कॉर्टेक्सची बांधणीच पाहत असतो. मला हा विज्ञानातल्या सगळ्यात देखण्या निष्कर्षांपैकी एक वाटतो.

कोळिष्टकांची बारीक रेघोटी मात्र यातून नीट निघत नव्हती. तिची किल्ली ह्यूबेल आणि वीझेल यांच्या जुन्या शोधात होती: काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली पडली आणि मांजराच्या मेंदूतली पेशी कडाडून बोलली. दृष्टीकेंद्रातल्या पेशींना ठरावीक कलाच्या रेषा आवडतात. २००१ साली कोवन, पॉल ब्रेसलॉफ, मार्टिन गोलुबित्स्की आणि सहकाऱ्यांनी हा कल समीकरणांत आणला. मग नकाशा फिरवताना प्रत्येक पेशीची आवडती रेषाही सोबत फिरवावी लागते. सममितीचा हा कडक नियम पाळला आणि जाळ्या-कोळिष्टकंही मिळाली.

लॉगचा हा नकाशा आणखी एका ठिकाणी भेटतो. अर्धशिशीचा त्रास असलेल्या काहींना डोकं दुखण्याआधी नागमोडी चमकती कड दिसते. ती नजरेच्या मध्याजवळ उगवते आणि कडेकडे सरकते, जाता जाता मोठी आणि वेगवान होत. कार्ल लॅशली यांनी १९४१ साली स्वतःची ही कड मापून हिशोब केला: कॉर्टेक्सवर मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. ही कड उमटवणारी मेंदूतली लाट आपल्या संथ, सारख्या गतीनेच चाललेली असते. वेग वाढल्याचा भास लॉगचा आहे: कडेच्या बाजूला कॉर्टेक्सवरचा तेवढाच मिलिमीटर नजरेच्या कितीतरी जास्त अंशांचा असतो.