कानातली आळी आणि तिचा खानदानी शजरा

बकरी ईदला तीन आठवडे उरले होते आणि आमच्या बकऱ्याच्या कानाला वास येऊ लागला. धसईत पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. "बाजी, किडे पडलेत त्याला," शेजारच्या चाची लांबूनच म्हणाल्या. कान उलटून पाहिला. गोचीड उपटलेल्या जागी बोट जाईल एवढं भोक, आणि आत मागची टोकं वर करून दाटीवाटीनं बसलेल्या पांढऱ्या आळ्या. माझा धाकटा रडायलाच लागला. चाची सीताफळाचा पाला वाटून घेऊन आल्या, अब्बा फिनेलची बाटली शोधू लागले. मी दोघांना थांबवलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी टर्पेंटाइनचा बोळा जखमेवर धरला. आळ्या वर आल्या तशा चिमट्यानं एकेक काढल्या. साठाच्या वर निघाल्या. मी त्या अंगणात फेकणार, तर ते म्हणाले, "फेकू नका. मातीत शिरतील, कोष करतील, आणि माशी होऊन परत याच बकऱ्यावर येतील." त्यांनी आळ्या स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या. ती बाटली बघूनच मी या विषयाच्या मागे लागले. मी उर्दू आणि मराठी शिकवते; विज्ञान माझं केव्हाच सुटलं होतं.

या माशीचं शास्त्रीय नाव क्रायसोमाया बेझियाना. 1914 मध्ये आफ्रिकेतल्या काँगोमधल्या नमुन्यांवरून तिला हे नाव मिळालं. साधी माशी कुजलेल्या मांसावर अंडी घालते, ही जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला घालते. एका वेळी दीडशे-दोनशे. दिवसभरात आळ्या बाहेर पडतात आणि पाच-सात दिवस जिवंत मांस खात आत आत जातात. गोचिडाचा चावा, दाव्यानं सोललेली मान, नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली नाळ, एवढी जागा तिला पुरते. माणसालाही ती सोडत नाही. मधुमेह असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायाची जखम रोज धुऊन झाकली नाही, तर तिथेही हेच होतं.

आता बाटलीतल्या आळीचं पुढं काय करतात? नुसत्या डोळ्यांना या आळ्या सारख्याच दिसतात. म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्या पेशीतलं डीएनए वाचतात. ती चारच अक्षरांची लिपी आहे: ए, टी, जी, सी. माझ्या वर्गात दोन मुलांच्या वह्यांत एकाच शब्दाची एकच विचित्र चूक सापडली, की कोणी कोणाचं पाहून लिहिलं ते मला कळतं. तसंच इथे. पिढ्यानपिढ्या डीएनएची नक्कल होताना एखादं अक्षर बदलतं आणि पुढे तसंच उतरत जातं. दोन गावांतल्या माश्यांत तीच 'चूक' असेल, तर त्यांचं मूळ एक. या खुणांना जनुकीय मार्कर म्हणतात. यातला एक भाग, मायटोकाँड्रियाचा डीएनए, फक्त आईकडून येतो. आपल्या घरातले शजरे बापाकडून चालतात. माशीचा शजरा मात्र नानी, परनानी असा वाचावा लागतो. मला ही गोष्ट फार आवडली.

या वाचनातून काय निघालं ते पाहा. 1996 मध्ये इराकमध्ये ही माशी मोठ्या प्रमाणावर पसरली. प्रश्न असा की ती आफ्रिकेतून आली की आशियातून? लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधले मार्टिन हॉल, पॉल रेडी आणि त्यांचे सहकारी यांनी सायटोक्रोम बी नावाच्या जनुकावरून माश्यांच्या दोन शाखा वेगळ्या केल्या: एक सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिकी, दुसरी आशियाई. आखाती देशांतल्या माश्या आशियाई शाखेतल्या निघाल्या, म्हणजे आपल्याकडच्या माश्यांच्या नातलग. आखातात आपली माणसं कामाला गेली, तशी जहाजातून जनावरंही जातात, आणि जनावराच्या जखमेतून आळी.

हे कळून उपयोग काय, असं चाचींनी विचारलंच. उपयोग असा: अमेरिका खंडात हिचीच एक दूरची बहीण आहे. 1988 मध्ये ती लिबियात पोचली. तिथे कारखान्यात वाढवून, किरणांनी वांझ केलेले नर सोडण्याचा मार्ग निवडला. तिथली मादी सहसा एकदाच जोडी जमवते. वांझ नराशी जमवली की तिची अंडी फुकट. मेक्सिकोहून विमानानं सुमारे 130 कोटी माश्या नेऊन सोडल्या, आणि 1991 मध्ये लिबियातली माशी संपली. पण बाहेरून नव्या माश्या येत राहिल्या तर हे सगळं पाण्यात. म्हणून आधी मार्करवरून पाहायचं, की इथली माशी एकटी पडलेली आहे, की शेजारच्यांशी तिचं येणंजाणं आहे.

आमच्याकडे येणंजाणं फारच. पौष पौर्णिमेला म्हसाच्या यात्रेतला गुरांचा बाजार डोळ्यांसमोर आणा. बकरी ईदआधी देवनारच्या मंडीत राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून लाखाहून जास्त बकरे येतात. एकट्या मुरबाड तालुक्यातली माशी हटवू म्हटलं, तर पुढच्या ट्रकमधून ती परत उतरेल, असं मला वाटतं.

तोवर आमच्या घरी उपाय साधाच आहे. रोज संध्याकाळी कान, खूर, शेपटीखालची जागा बघायची, गोचीड राहू द्यायचे नाहीत, वासराच्या नाळेला आयोडीन लावायचं.

बकऱ्याचा कान भरला, पण कडेचा तुकडा गेला. मौलानासाहेबांना विचारलं, ते म्हणाले, दुसरा घ्या. दुसरा घेतला, आठ हजार वर गेले. हा अजून अंगणात आहे, आणि धाकटा शाळेतून आला की आधी त्याचा कान उलटून बघतो.