मांजर गेल्यावर दुसरं आणावं का?

घरातलं मांजर गेलं की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणतं, "लगेच दुसरं आणा, मन रमेल." कुणी म्हणतं, "पुन्हा नको तो जीव लावणं." दोघंही आपल्या दुःखाबद्दलच बोलत असतात. जे मांजर येणार, त्याचा विचार राहूनच जातो. रस्त्यावरून वाचवलेलं मांजर दत्तक घेतलं, तर ते बारा-पंधरा वर्षं, कधी वीससुद्धा, घरात असणार. म्हणून आधी हे समज तपासून घ्या.

गैरसमज : इतक्या लवकर दुसरं आणलं, म्हणजे पहिल्यावर माया नव्हती.
वस्तुस्थिती : या दुःखाला सुतकासारखी ठरलेली मुदत नाही. समाज ज्याला दुःख मानतच नाही, अशा शोकाची मांडणी अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली; पाळीव प्राण्याचं जाणं हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. महिना झाला की वर्ष, यावर फारसं काही ठरत नाही. स्वतःला एवढंच विचारा : नवं मांजर मांडीवर न येता दिवसभर कपाटावर बसून राहिलं, तरी ते आपल्याला हवं असेल का?

गैरसमज : तसंच दिसणारं आणलं, की तेच परत आल्यासारखं वाटेल.
वस्तुस्थिती : जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्ससमध्ये जन्मलं. मूळ मांजर तिरंगी होतं. 'सीसी' नावाच्या या क्लोनच्या अंगावर केशरी रंगाचा ठिपकाही नव्हता. जनुकं तीच असूनही रंग जुळला नाही, तर नुसत्या रंगावरून निवडलेल्या मांजराचा स्वभाव कसा जुळेल? त्याला जुनंच नाव देऊन जुन्याच सवयींची अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : घर फिनेलने पुसलं, की नवं मांजर आणायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : आधीचं मांजर कशाने गेलं, ते आधी पाहा. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराने गेलं असेल, तर त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो आणि लस न झालेल्या पिल्लाचा जीव घेऊ शकतो. फिनेलवर विसंबू नका. शिवाय त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. फरशी आधी साबणाने स्वच्छ करावी. मग एक भाग घरगुती ब्लीच बत्तीस भाग पाण्यात मिसळून लावावं, दहा मिनिटं ओलं ठेवावं आणि धुऊन टाकावं. गादी, सतरंजी, खरवडायचा खांब अशा वस्तू टाकून दिलेल्या बऱ्या. अशा घरात पिल्लू न आणता लशीचे डोस पूर्ण झालेलं मोठं मांजर आणावं, तेही पशुवैद्यांना विचारून.

गैरसमज : मागे उरलेल्या मांजराला सोबत हवीच.
वस्तुस्थिती : मांजर आपल्या हद्दीला जपणारा प्राणी आहे. जोडीदार गेल्यावर ते ओरडत फिरतं, जेवण कमी करतं. पण त्यावर अनोळखी मांजर हा उपाय असेलच असं नाही. चोवीस तास काहीच खाल्लं नाही, तर आधी दवाखाना गाठा. नवं आणलंच तर वेगळ्या खोलीत ठेवा, दोघांची अंथरुणं अदलाबदल करून वासाची ओळख होऊ द्या, मगच समोरासमोर आणा.

गैरसमज : मोठं मांजर लळा लावत नाही, पिल्लूच आणावं.
वस्तुस्थिती : माणसाळण्याचा मुख्य काळ साधारण दोन ते सात आठवड्यांच्या वयाचा. त्या वयात माणसांचा हात लागलेलं मांजर मोठेपणीही नवं घर आपलं मानू शकतं. सुरुवातीचे दिवस ते पलंगाखालून हलणार नाही, रात्री सामसूम झाल्यावर हळूच येऊन खाईल. ओढून बाहेर काढू नका. मोठ्या मांजराचा स्वभाव आधीच कळतो, हा त्याचा फायदा. शोकात असलेल्या घराला पडदे चढणाऱ्या पिल्लाची धावपळ झेपेलच असं नाही.

गैरसमज : मांजराला काय, दूध-पोळीवर राहतं.
वस्तुस्थिती : मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे दोन्ही बिघडतात. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. घरात सामिष शिजत नसेल, तर तयार खाद्याचा महिन्याचा खर्च आधीच धरा. लस, नसबंदी आणि खिडक्यांच्या जाळ्या वेगळ्या.

एवढं करूनही मन ठरत नसेल, तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून एखादं मांजर काही आठवडे तात्पुरतं सांभाळायला घ्या. त्याला आसरा मिळतो, तुम्हाला अंदाज येतो. "आत्ता नाही" असं उत्तर आलं, तर तेही मोकळेपणाने सांगावं. भरीस पडून आणलेलं मांजर सहा महिन्यांनी परत पाठवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.